बदलत्या हवेसाठी मध्यम वजनाची शिकारी पँट : माप, कापड आणि पारख

शिकारीच्या दिवसाला दोन तोंडे असतात. पहाटेच्या अंधारात पाठीवर ओझे घेऊन चढ चढताना माणूस घामाने निथळतो आणि त्यानंतर मचाणावर किंवा एखाद्या खडकाच्या आडोशाला दोन-तीन तास जराही न हलता बसून राहतो. चढताना जी पँट नको तितकी गरम वाटते, तीच बसल्यानंतर अर्ध्या तासात अपुरी पडू लागते. त्यात मधेच वारा सुटला, पावसाची सर आली किंवा गुडघाभर दवातून जावे लागले, तर कोणत्याही एका कापडाला हे सगळे साधणे अवघड होते. मध्यम वजनाची पँट या अडचणीवरचा उपाय म्हणून विकली जाते आणि बऱ्याच अंशी ती तसा उपाय आहेही. मात्र तिचा उपयोग तिच्या कापडाच्या ऊबेवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो तिच्या आत एक पातळ थर्मल आणि तिच्यावर एक रेन पँट आरामात मावते की नाही यावर अवलंबून असतो. म्हणून पुढील विवेचनात कापडाचा विचार आधी केलेला असला, तरी अधिक जागा मापाला दिलेली आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी आपला दिवस कसा जातो याचा प्रामाणिक हिशेब मांडावा. दिवसातील बहुतेक वेळ सावजाचा माग काढत चालण्यात जात असेल, तर मध्यम गटातील पातळ बाजूची, हवा खेळती ठेवणारी पँट घ्यावी. बहुतेक वेळ बसण्यात जात असेल, तर त्याच गटातील जाड बाजूची आणि मापाला थोडी मोकळी पँट घ्यावी. बहुतेक लोक हा हिशेब करताना आपण किती चालतो ते फुगवून सांगतात आणि किती वेळ बसतो ते विसरतात, असा माझा अनुभव आहे.

मध्यम वजन म्हणजे किती

कापडाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावरून मोजतात. या मापाने साधारण 200 ते 300 ग्रॅमच्या दरम्यानचे कापड मध्यम मानण्यास हरकत नाही. त्याखालचे उन्हाळी, तर 350 ग्रॅमच्या वरचे निव्वळ थंडीचे. काही ठिकाणी हे वजन चौरस यार्डाला किती औंस अशा मापाने लिहिलेले असते. तेव्हा औंसाच्या आकड्याला 34 ने गुणले की ग्रॅमचा आकडा जवळपास मिळतो, म्हणजे आठ औंसांचे कापड सुमारे 270 ग्रॅमचे ठरते. कापडाचे वजन लिहिलेले नसेल, तर संपूर्ण पँटचे वजन पाहावे. मधल्या मापाची, मध्यम कापडाची पँट बहुधा 500 ते 700 ग्रॅम भरते. हा आकडा मात्र भोंगळ आहे, कारण खिसे, चेन आणि गुडघ्यावरची दुहेरी कापडे यांनीही वजन वाढते, ऊब वाढत नाही.

अशी पँट चालत्या माणसाला साधारण शून्य ते पंधरा अंश सेल्सिअस या टप्प्यात पुरते आणि आत थर्मल घातल्यास त्याखालीही निभावते. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. वारा, ओल, वय आणि शरीराची ठेवण यांनुसार ते पाच-सात अंशांनी सहज इकडेतिकडे सरकतात. डोंगराळ भागात जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : दर हजार मीटर चढाईमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे पायथ्याशी योग्य वाटलेली पँट माथ्यावर तोकडी पडू शकते.

कापडाची निवड

ओले कापड थंड का वाटते हे एकदा समजले की धाग्याची निवड सोपी होते. पाणी हवेच्या सुमारे चोवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. कापडाच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा हीच खरी ऊब असते. तिची जागा पाण्याने घेतली की पायातील उष्णता बाहेर निघून जाऊ लागते. साहजिकच कापड किती ओलावा पिऊन ठेवते आणि किती लवकर वाळते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. ठरावीक तापमानाच्या व दमटपणाच्या हवेत पॉलिस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा धरत नाही, नायलॉन सुमारे चार टक्के धरते, सुती धागा सात-आठ टक्के आणि लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास धरते. या आकड्यांवरून लोकर सर्वांत वाईट असा निष्कर्ष कोणी काढील, पण तसे नाही. लोकर हा ओलावा धाग्याच्या आत सामावून घेते आणि वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही. शिवाय तिचे कुरळे तंतू ओले झाले तरी मिटून जात नाहीत, त्यामुळे अडकलेली हवा टिकून राहते. सुती धागा मात्र भिजला की चिकटतो, जड होतो आणि तासन्‌तास वाळत नाही. जीन्स घालून शिकारीला जाऊ नये हा जुना सल्ला याच कारणाने दिला जातो, आणि त्यामागे दुसरेही एक कारण आहे, ते पुढे रंगाच्या संदर्भात येईल.

व्यवहारात मध्यम गटात तीन प्रकारची कापडे भेटतात. पहिला प्रकार नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये थोडा लवचीक धागा घालून विणलेल्या कापडाचा. बाहेरून गुळगुळीत व चिवट, आतून ब्रश फिरवून मऊ केलेले असे हे कापड असते आणि सॉफ्टशेल या नावाने ओळखले जाते. बदलत्या हवेसाठी बहुतेकांना हाच प्रकार सोयीचा ठरतो, कारण तो हलकी सर झटकून टाकतो आणि अंगावरच वाळतो. दुसरा प्रकार लोकरीचा किंवा लोकर आणि नायलॉन यांच्या मिश्रणाचा. आल्प्सच्या परिसरातील शिकारी लोडेन नावाचे आटवून घट्ट केलेले लोकरी कापड पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत, आणि त्याचे कारण ऊबेइतकेच त्याच्या मुकेपणातही आहे. फांदी घासली तरी त्याचा आवाज होत नाही. दोष एवढाच की कुसळे आणि गोखरू त्याला सोडत नाहीत आणि पूर्ण भिजल्यावर ते फार जड होते. तिसरा प्रकार पॉलिस्टर आणि सुती धागा यांच्या घट्ट विणीचा, ज्यावर मेण चोळता येते. काटेरी झुडपांतून जाणाऱ्यांना तो मानवतो आणि शेकोटीच्या ठिणग्यांनाही तो त्यातल्या त्यात टिकतो. निव्वळ पॉलिस्टर सुमारे 250 ते 260 अंशांवर वितळते, त्यामुळे एका ठिणगीने त्यात भोक पडते. लोकर वितळत नाही, जळून काळी पडते आणि आग पसरू देत नाही. ज्यांची संध्याकाळ शेकोटीपाशी जाते त्यांनी याचा विचार करावा.

पूर्ण जलरोधक पडदा असलेली, म्हणजे मेम्ब्रेनची पँट मध्यम वजनाची एकमेव पँट म्हणून घेऊ नये असे मला वाटते. मेम्ब्रेन बाहेरचे पाणी अडवते, आतली वाफ काही प्रमाणात सोडतेही. परंतु चढावर निर्माण होणाऱ्या घामाला ते प्रमाण पुरत नाही, आणि मग माणूस पावसाने न भिजता स्वतःच्याच घामाने भिजतो. त्यापेक्षा लवकर वाळणारी पँट अंगावर आणि हलकी रेन पँट पिशवीत, ही जोडी अधिक उपयोगी. याला अपवाद एकच : दिवसभर संततधार ठरलेली असेल आणि चालणे कमी असेल, तर मेम्ब्रेन हवीच.

वाऱ्याचा प्रश्न दुकानात तोंडाने सोडवता येतो. कापड ओठांवर घट्ट धरून जोराने फुंकर मारावी. हवा आरपार सहज गेली, तर बसल्यावर वारा झोंबेल. अजिबात गेली नाही, तर चढावर घुसमट होईल. जोर लावल्यावर थोडी गेली, तर ते कापड बदलत्या हवेच्या कामाचे आहे. ही कसोटी ओबडधोबड आहे हे खरे, तरी कापडाच्या चिठ्ठीवरील विशेषणांपेक्षा ती अधिक खरे सांगते.

पाणी झटकणारा लेप बहुतेक पँटवर दिलेला असतो. पाण्याचे चार थेंब टाकले की ते मोत्यासारखे घरंगळतात, त्यावरून तो ओळखता येतो. पूर्वी या लेपात फ्लोरीनची टिकाऊ रसायने सर्रास वापरली जात. आता त्यांवर निर्बंध येत आहेत. कॅलिफोर्नियात 2025 च्या सुरुवातीपासून कपड्यांत त्यांच्या वापराला बंदी लागू झाली, आणि अनेक उत्पादकांनी ती सगळीकडेच वगळली आहेत. नवे लेप पाणी झटकतात, पण तेलकट डाग तितके झटकत नाहीत आणि त्यांना वेळोवेळी उजाळा द्यावा लागतो.

माप : उभ्याने घेऊ नये, वाकून घ्यावे

आता मुख्य मुद्दा. पँट विकत घेताना माणूस आरशासमोर ताठ उभा राहतो आणि रानात मात्र तो ताठ उभा क्वचितच असतो. तो उंच पाऊल टाकतो, ओंडका ओलांडतो, उकिडवा बसतो, एका गुडघ्यावर टेकतो, पोटावर सरकतो. गुडघा पूर्ण वाकवला की त्यावरची त्वचा उभ्या दिशेने एक तृतीयांशाहून अधिक ताणली जाते आणि बैठकीवरची त्वचाही बरीच ताणली जाते. हा ताण कापडाला कोठून तरी भरून द्यावा लागतो. कापड लवचीक असेल तर ते स्वतः ताणते. नसेल तर मोहरी वर चढते, कंबर मागून खाली ओढली जाते, आणि या दोन्हींनाही जागा नसेल तर आसनाची, म्हणजे दोन्ही पाय जिथे मिळतात त्या भागाची, शिवण उसवते. पँटच्या मापाची सगळी चर्चा शेवटी या ताणाला वाट करून देण्याची चर्चा आहे.

सुरुवात टेपने करावी. चिठ्ठीवरील कंबरेच्या आकड्यावर विसंबू नये, कारण प्रत्यक्ष घेर त्या आकड्यापेक्षा बहुधा मोठा असतो आणि किती मोठा हे प्रत्येक उत्पादकागणिक बदलते. आपल्याला उत्तम बसणारी जुनी पँट सपाट जागेवर पसरून पाच मापे टिपून घ्यावीत : कमरपट्टीची रुंदी दुप्पट करून, आसनाची पुढची उंची, आसनाची मागची उंची, मांडीची सर्वांत रुंद जागा आणि आसनापासून मोहरीपर्यंतची आतली लांबी. ही पाच मापे खिशात असली, तर पँट घरबसल्या मागवतानाही फसगत कमी होते. अंगावरचे माप घेणारच असाल, तर ते थर्मल घालून आणि पट्टा न लावता घ्यावे.

कमरेला थर्मलसकट दोन बोटे आत जातील एवढी ढील असावी. याहून घट्ट पँट बसल्यावर पोटात रुतते आणि दिवसभर थंडीत बसणाऱ्याला ते दुखणे ऊबेच्या अभावाइतकेच त्रास देते. याहून सैल पँट पट्ट्याने आवळावी लागते, त्यामुळे कापडाच्या चुण्या पडतात आणि त्यावर पाठपिशवीचा कमरपट्टा आला की त्या चुण्या कातडीत घुसतात. पाठपिशवी वापरणाऱ्याने पँटचे बक्कल, रिव्हेट आणि लुपांचे जाड टाके नेमके कोठे येतात हे पिशवी चढवूनच पाहावे. कमरेच्या हाडावर एखादा रिव्हेट आला की तिसऱ्या तासाला तो सापडतोच. पोट मोठे असलेल्यांनी आणि पिशवीच्या पट्ट्याखाली कोणतेही बक्कल नको असलेल्यांनी गॅलिसचा विचार जरूर करावा. त्याने पँट खांद्यावर तोलली जाते, कंबर सैल ठेवता येते आणि उकिडवे बसून उठताना पँट वर ओढावी लागत नाही. अट एवढीच की पट्टीला गॅलिससाठी बटणे तरी असावीत किंवा चिमटा धरेल इतकी ती जाड तरी असावी.

आसन हा मापातला सर्वांत दुर्लक्षित भाग. मागचे आसन पुढच्यापेक्षा चांगलेच उंच असले पाहिजे, म्हणजे पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडणार नाही आणि थंड वारा सदऱ्याखाली शिरणार नाही. आसन फार खोल, म्हणजे लोंबते असेल, तर मात्र उंच पाऊल टाकताना मांड्या बांधल्यासारख्या होतात. लोंबत्या आसनाने हालचाल मोकळी होते हा गैरसमज आहे. खरी मोकळीक आसन अंगालगत असण्याने आणि दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथे चौकटच्या पत्त्यासारखा एक वेगळा तुकडा, म्हणजे गसेट, बसवलेला असण्याने येते. गसेटमुळे चार शिवणी एकाच बिंदूत भेटत नाहीत. त्यामुळे घासणे कमी होते आणि उसवण्याची जागाही उरत नाही. दुकानात पँट उलटी करून हा तुकडा आहे की नाही हे पाहण्यास दहा सेकंदही लागत नाहीत.

मांडीच्या सर्वांत जाड जागी कापड चिमटीत धरावे. तीन ते चार सेंटिमीटरची घडी सहज धरता आली, तर घेरात सहा ते आठ सेंटिमीटर जागा आहे, आणि थर्मलसाठी ती पुरते. त्याहून जास्त कापड चालताना मांडीला मांडी घासते तिथे फडफडते व आवाज करते. त्याहून कमी असेल, तर थर्मल आणि पँट एकमेकांना चिकटून सरकेनाशी होतात. ज्यांच्या मांड्या कमरेच्या मानाने भरदार आहेत, म्हणजे सायकल चालवणारे, ओझी वाहणारे, त्यांना नेहमीच्या कापणीत कंबर आणि मांडी एकाच वेळी जुळत नाहीत. त्यांनी मांडीला बसणारी पँट घेऊन कंबर शिंप्याकडून आत घ्यावी. उलट करता येत नाही.

गुडघ्यापाशी कापणीत आधीच थोडा बाक दिलेला असावा. पँट लोंबती धरली असता पाय किंचित पुढे वळलेले दिसले, किंवा गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लहान चुण्या शिवलेल्या असल्या, तर तो बाक आहे असे समजावे. तो नेमका आपल्या गुडघ्यावर येतो का, हे तपासणे मात्र विसरू नये. उंच माणसाच्या बाबतीत तो मांडीवर आणि ठेंगण्या माणसाच्या बाबतीत पोटरीवर येतो, आणि चुकीच्या जागी आलेला बाक नसलेल्या बाकापेक्षा वाईट. गुडघ्यावरच्या दुहेरी कापडाची गोष्टही तीच.

लांबी बुटांसकट ठरवावी. गुडघा काटकोनात वर उचलला असता मोहरी बुटाच्या वरच्या कडेखाली किमान दोन बोटे राहिली पाहिजे. उभे राहिल्यावर ती टाचेच्या मागे जमिनीला टेकता कामा नये. मोहरी बुटावरून सहज उतरावी इतकी रुंद, पण चालताना दुसऱ्या पायाच्या बुटाला अडकणार नाही इतकी अरुंद असावी. मोहरीला बटण, दोरी किंवा बुटाच्या नाडीत अडकवायचा लहान हुक असेल तर दवातून चालताना त्याचा फार उपयोग होतो. पोटरीवर गेटर, म्हणजे बुटापासून गुडघ्याखालपर्यंतचे आवरण, चढवणाऱ्यांनी अरुंद मोहरीच घ्यावी, कारण गेटरखाली दुमडलेले जादा कापड दिवसभर नडगीला टोचते.

चढवून पाहण्याची रीत

दुकानात किंवा घरी, पँट परत करण्याची मुदत असेतोवर, आपले थर्मल, आपले मोजे, आपले बूट आणि खिशात नेहमी असणारे सामान घालून पुढील गोष्टी कराव्यात. खुर्चीच्या उंचीच्या, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर उंच वस्तूवर एक पाऊल ठेवून हात न टेकता वर चढावे. पूर्ण उकिडवे बसून तीन-चार श्वास तसेच राहावे. डावा आणि मग उजवा गुडघा जमिनीला टेकवावा. मांडी घालून पाच मिनिटे बसावे. ही पाच मिनिटे सर्वांत बोलकी असतात, कारण उभ्याने मऊ वाटणारी शिवण किंवा मागच्या खिशाचे बटण बसल्यावरच आपले खरे स्वरूप दाखवते. शेवटी रेन पँट वर चढवून पुन्हा एकदा उंच पाऊल टाकावे. एवढे केल्यावर पट्टा एकदाही सावरावा लागला नाही आणि गुडघ्याला कोठेही अडल्यासारखे झाले नाही, तर माप बरोबर आहे. दोन मापांच्या मधे अडकलो असू, तर बसून शिकार करणाऱ्याने मोठे आणि चालणाऱ्याने लहान माप घ्यावे, असा माझा ढोबळ नियम आहे. लहान माप थर्मलवर चढतच नसेल, तर अर्थातच हा नियम सोडून द्यावा.

आवाज, रंग आणि खिसे

चढवलेल्या पँटवर नखाने ओरखडा काढून कान द्यावा. खर्रकन्‌ आवाज आला, तर शांत सकाळी फांदी घासल्यावर तोच आवाज सावजाला दुरून ऐकू जाईल. दुकानातील गोंगाटात ही परीक्षा फसते, म्हणून ती शांत खोलीत करावी. थंडीत काही कापडे आणखी ताठर आणि आवाजी होतात, हेही ध्यानात असू द्यावे. वेल्क्रोविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांना 1941 मध्ये शिकारीहून परतताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी फळांवरून त्याची कल्पना सुचली. शिकारीतून जन्मलेली ही युक्ती शिकारीच्याच पँटवर नकोशी झाली आहे, कारण निःशब्द रानात वेल्क्रो उघडण्याचा आवाज ऐकून सावज उभे राहत नाही. ज्या खिशात दिवसभरात वारंवार हात घालायचा, त्याला बटण किंवा चेन असावी, आणि चेनचे धातूचे टोक काढून तिथे दोरीचा तुकडा बांधावा.

रंगाबद्दल जितका पैसा आणि वाद खर्च होतो तितका तो विषय मोठा नाही. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. नारिंगी आणि लाल त्यांना फारसे वेगळे दिसत नाहीत, पण निळ्या रंगाला त्यांचे डोळे तीव्र प्रतिसाद देतात. जीन्स टाळण्याचे दुसरे कारण ते हेच. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणात घातलेली उजळके अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे झाडीत मिसळून जाणाऱ्या नक्षीची महागडी पँट अशा साबणात धुतली की तिचा उद्देशच हरवतो. पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आपल्यापेक्षाही अधिक रंग दिसतात, म्हणून पक्ष्यांच्या शिकारीला मातकट, चमक नसलेला रंग आणि स्थिरता दोन्ही लागतात. अनेक प्रदेशांत भडक नारिंगी रंग घालणे कायद्याने बंधनकारक असते, पण तो बहुधा टोपी आणि जाकिटावर मोजला जातो. पँट नारिंगी असली म्हणून ती अट पुरी झाली असे गृहीत धरू नये, आपल्या परवान्यासोबतचे नियम वाचावेत.

खिसे कमी असलेले बरे. मांडीवरच्या खिशात जड वस्तू ठेवली की प्रत्येक पावलाला ती आपटते. असा खिसा मांडीच्या पुढच्या बाजूला आणि वरच्या अंगाला असेल तर कमी झुलतो. मचाणावर सुरक्षा-पट्टे बांधणाऱ्यांनी पट्टा मांडीवरून जिथे जातो तिथे खिसा येत नाही ना, हे पाहावे. मांडीच्या बाजूला पंचवीस-तीस सेंटिमीटरची हवा खेळवणारी चेन मिळाली, तर बदलत्या हवेत ती कोणत्याही कापडापेक्षा अधिक कामाची आहे. चढाला लागण्यापूर्वी ती उघडावी आणि बसण्याच्या दहा मिनिटे आधी मिटावी, म्हणजे घाम वाळायला वेळ मिळतो आणि ऊबही वेळेवर परत येते.

गोचिडांचा उपद्रव असलेल्या प्रदेशात पँटवर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा अर्धा टक्का फवारा देता येतो. तो कातडीवर लावायचा नसतो; कापडावर उघड्या हवेत मारून पूर्ण वाळल्यावरच पँट घालायची असते. ओले परमेथ्रिन मांजरांना आणि पाण्यात मिसळल्यास माशांना घातक असते, याची काळजी घ्यावी.

धुणे आणि दुरुस्ती

पँट उलटी करून, चेन लावून, उजळके नसलेल्या साबणाने धुवावी. कपडे मऊ करणारे द्रव कटाक्षाने टाळावेत. त्यांचा थर धाग्यांवर बसला की घाम बाहेर जाणे आणि पाणी झटकणे दोन्ही मंदावतात. लेप मंदावल्यासारखा वाटला, तर चिठ्ठीवर परवानगी असल्यास मंद उष्णतेवर यंत्रात वाळवून पाहावे, बऱ्याचदा तो तेवढ्यानेच पुन्हा जागा होतो. नाहीच झाला तर नवा लेप विकत मिळतो. लोकर गार पाण्यातच धुवावी, नाहीतर आपले पाच मापांचे सगळे कष्ट एका धुण्यात वाया जातील.

लांबी कापून घेण्याची घाई मात्र करू नये. लोकर किंवा सुती धागा असलेली पँट पहिल्या धुण्यात एक-दोन सेंटिमीटर आटू शकते, म्हणून एकदा धुऊन, दिवसभर वापरून मगच ती शिंप्याकडे न्यावी, बूट घालून माप द्यावे आणि कापलेले कापड मोहरीच्या आत दुमडून ठेवायला सांगावे. पुढे गुडघ्यावर काट्याने चिरा पडला, तर ठिगळाला तेच कापड हाताशी असते.